लांबचा एसटी प्रवास आणि मोजके पैसे: शेवटच्या गाडीपासून मागे मोजत कसं निघायचं

मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात माझं माहेर आणि नोकरी पुण्यात. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. गेली अकरा वर्षं महिन्या-दीड महिन्याने मी हा प्रवास करते, आणि बहुतेक वेळा लालपरीनेच, कारण दुसरं परवडत नाही.

पहिल्याच वर्षी एका पावसाळ्यात मी संध्याकाळी सात वाजता मेहकरला उतरले. गावाची शेवटची गाडी सव्वासहाला, अगदी तिच्या वेळेवर, निघून गेली होती. तीनशे नव्वद किलोमीटर पार झाले होते आणि उरलेल्या अठरा किलोमीटरसाठी मी फलाटावर उभी होते. दादा भर पावसात मोटरसायकल घेऊन आला. वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं, ते उतरेपर्यंत आम्ही दोघं अलीकडे थांबलो. घरी पोचायला साडेअकरा वाजले. आई तोवर दारात उभी होती.

चूक निघण्याच्या पद्धतीत होती. मी पुण्याहून पुढे मोजत निघाले होते: सकाळी सावकाश आवरू, दहाला स्थानकावर जाऊ, मिळेल ती गाडी धरू. हिशेब उलटा हवा होता. गावाच्या शेवटच्या गाडीपासून मागे मोजत पुण्यापर्यंत यायला हवं होतं. त्यानंतर मी तसंच करत आले आहे. पुढे सांगते ती सगळी त्याचीच तपशीलवार रीत. उदाहरणं माझ्या रस्त्याची आहेत. तुम्ही तुमच्या रस्त्याची नावं घाला.

आधी शेवटचा तुकडा

लांबच्या प्रवासात सगळ्यात कच्चा दुवा शेवटच्या वीस-तीस किलोमीटरचा असतो. पुण्याहून संभाजीनगरला दिवसभर गाड्या असतात. संभाजीनगरहून जालन्यालाही असतात. पण तालुक्यापासून गावापर्यंत दिवसाला तीन-चार फेऱ्या, आणि त्यातली एक रद्द झाली की चार तासांची खोटी.

म्हणून पहिलं काम: गावाच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा शोधा. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, त्या पुष्कळदा जुन्या असतात. गावातल्या शाळेत किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारा, रोज त्याच गाडीने येणारा तोच सगळ्यात खात्रीचा माणूस. शाळेच्या फेऱ्या सुट्टीत बंद असतात हेही त्याच्याकडूनच कळतं. दिवाळीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी असते.

आता मागे मोजा. माझा हिशेब असा. गावाची शेवटची गाडी तेव्हा सव्वासहाची. ती सोडून तिच्या आधीची, साडेचारची, मी लक्ष्य धरते; शेवटची राखीव. म्हणजे मेहकरला सव्वाचारला पोचायचं. जालना ते मेहकर साधारण नव्वद किलोमीटर, अडीच तास, म्हणजे जालन्याहून पावणेदोनला निघायचं. तिथे गाडीची वाट बघायला पाऊण तास, म्हणजे एकला जालना. संभाजीनगर-जालना दीड तास, त्याआधी तिथला अर्धा तास, म्हणजे अकराला संभाजीनगर. पुणे-संभाजीनगर २३५ किलोमीटर, सहा तास धरायचे. उत्तर येतं पहाटे पाच. त्या पावसाळ्यात मी दहाला निघाले होते!

प्रत्येक बदलीला अर्धा-पाऊण तास वेगळा धरलाय, तो वाया गेलेला वेळ समजू नका. एखादी गाडी लागलीच नाही तरी बाकीचा प्रवास त्यानेच वाचतो.

रात्र का बरी पडते

पहाटे पाचला पुण्याच्या वाकडेवाडी स्थानकावर पोचायचं म्हणजे चारला रिक्षा, आणि त्या वेळची रिक्षा माझ्या सवलतीच्या अर्ध्या तिकिटाइतके पैसे घेते. म्हणून मी बहुधा रात्री नऊ-दहाची गाडी धरते. पीएमपीएमएलची शहर बस चालू असते, थोडक्या पैशांत स्थानकावर पोचता येतं. पहाटे जालना, सकाळी नऊच्या सुमारास मेहकर, आणि पुढे गावाच्या गाड्या दिवसभर.

यात आणखी एक गोष्ट आहे. दिवसाच्या गाडीला उशीर झाला की पोचेपर्यंत अंधारतं. रात्रीच्या गाडीला उशीर झाला की पोचेपर्यंत उजाडतं. ज्या गाडीच्या वेळेची खात्री नाही, तिचा उशीर तुमच्या बाजूने पडेल अशी वेळ निवडा. गाडी पहाटे तीनला एखाद्या फाट्यावर सोडणार असेल तर मात्र ती घेऊ नका, दोन तास उशिराची घ्या. लहान मुलं बरोबर असतील किंवा गाडी लागण्याचा त्रास असेल तर रात्रीचा प्रवास जड जातो. मग पहाटेच्या रिक्षाचे पैसे खर्च करावेत, त्यात काटकसर नको.

फेऱ्या का रद्द होतात

गाडी रद्द झाली की आपण नशिबाला दोष देतो. पण बऱ्याच वेळा ते आधी ओळखता येतं. एसटीच्या गाड्या आगारांच्या मालकीच्या असतात, आणि आगाराकडे गाड्या आणि चालक-वाहक मोजकेच. त्या गाड्या दुसऱ्या कामाला गेल्या की रोजच्या फेऱ्या उघड्या पडतात. आषाढीला राज्यभरातून हजारो गाड्या पंढरपूरला जातात. गणपतीच्या आधी मुंबई-ठाण्यातून कोकणात जादा गाड्या सुटतात, त्याही कुठल्या तरी आगारांतूनच आलेल्या असतात. निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवसापासून गाड्या मतदान यंत्रं आणि कर्मचारी नेण्यात गुंततात. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली, एप्रिल-मे लग्नसराई. अशा दिवसांत लांब पल्ल्याच्या गाड्या एक वेळ सुटतात, बळी पडतात त्या गावाकडच्या फेऱ्या. तेव्हा शेवटच्या तुकड्याची सोय आधी फोन करून ठरवा: कोण घ्यायला येणार, कुठे थांबणार.

आणखी एक युक्ती, मला एका वाहकमावशींनी शिकवलेली. लांबची गाडी ज्या आगाराची असते, तिथूनच ती सकाळी निघते आणि रात्री परत फिरते. आगाराचं नाव गाडीवर लिहिलेलं असतं. पुण्याहून रात्री सुटणारी गाडी जर विदर्भातल्या आगाराची असेल, तर दुपारी त्या आगाराच्या चौकशी खिडकीला फोन करून विचारा: ‘आज सकाळची पुणे गाडी गेली का?’ गेली असेल तर रात्री ती परत येणारच, कारण चालक-वाहकांनाही घरी जायचं असतं. ती सकाळी निघालीच नसेल तर रात्री फलाटावर तिची वाट बघण्यात अर्थ नाही. एका फोनने माझ्या कितीतरी रात्री वाचल्या आहेत. आपल्या तालुक्याच्या आगाराचा नंबर पुढच्या वेळी गावी गेलात की खिडकीवर बघून वहीत लिहून आणा.

तुमच्या गावाचं नाव नसलेली गाडीही तुमचीच

थेट गाडीचा हट्ट हा लांबच्या प्रवासातला सगळ्यात मोठा वेळखाऊपणा. पुणे-मेहकर अशी पाटी असलेल्या गाडीची मी पूर्वी दोन-दोन तास वाट बघायचे. तेवढ्या वेळात वाशीम, रिसोड, पुसद, यवतमाळच्या पाट्या समोरून जायच्या, आणि त्यांतल्या काही मेहकरवरूनच जात असतात हे मला माहीतच नव्हतं.

नकाशा घ्या आणि आपल्या गावाच्या पुढे त्याच रस्त्यावर कुठली मोठी गावं आहेत ती लिहून काढा. ती नावं पाठ करा. मग पाटीवरचं ‘मार्गे’ वाचा, कारण खरी माहिती तिथे असते. जालन्याहून मेहकरला सिंदखेडराजावरून जाता येतं, तसंच देऊळगावराजा-चिखली करूनही. वाट वेगळी, वेळ वेगळा. आणि आता समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे विचारणं फारच गरजेचं झालंय, कारण समृद्धीवरून जाणारी गाडी मधल्या गावांत शिरत नाही. चढण्याआधी वाहकाला सरळ विचारा: ‘भाऊ, गाडी समृद्धीने जाणार की खालून? मेहकर स्टँडवर जाणार की बाहेर सोडणार?’

एकाच शहरातली दोन-तीन स्थानकं हाही एक घोळ. पुण्यात नगर-संभाजीनगरकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या. ते स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, तरी नवीन माणूस अजून जुन्या जागी जातो. सातारा-कोल्हापूर-सोलापूरसाठी स्वारगेट. नगरला माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन. संभाजीनगरला मध्यवर्ती आणि सिडको. जालन्याकडे जाणारी गाडी सिडकोवरून जाते, त्यामुळे शहराच्या त्या बाजूला असाल तर मध्यवर्तीला उलट जाण्याचं कारण नाही. एका स्थानकावरून दुसऱ्यावर जायला रिक्षा लागली की तुकड्या-तुकड्याने वाचवलेले पैसे तिथेच जातात.

तुकड्यांचं तिकीट महाग पडतं का?

सगळ्यांना हीच धास्ती असते. उत्तर आहे: पडतं, पण अगदी थोडं. एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा एक टप्पा दहा रुपयांच्या आसपास पडतो. तीनशे नव्वद किलोमीटर म्हणजे पासष्ट टप्पे, साडेसहाशे रुपयांच्या घरात. मधे उतरून दुसरी गाडी घेतली की अर्धवट टप्पा पूर्ण धरला जातो, म्हणजे प्रत्येक बदलीला जास्तीत जास्त एखाद्या टप्प्याचा फरक. तीन बदल्या केल्या तर वीस-तीस रुपये. फलाटावर तीन तास थांबून दोन चहा आणि एक वडापाव घेतला तरी तेवढे जातात.

मात्र गाडीचा प्रकार बदलला की हिशेब बदलतो. निमआराम, शिवशाही, शिवनेरी, ई-बस यांचं टप्पाभाडं साध्या गाडीपेक्षा जास्त आहे. ज्या तुकड्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी साधी गाडी आहे तिथे वातानुकूलित गाडीला पैसे घालू नका. जिथे पुढची जोडगाडी चुकण्याचा धोका आहे तिथे शंभर रुपये जास्त देऊन लवकरची विनाथांबा गाडी घ्या. तेवढे पैसे वेळ वाचवतात, आणि माझ्या मते काटकसर करणाऱ्याने पैसा आरामाआधी वेळेवर खर्च करावा.

सवलती माहीत असूनही लोक मागत नाहीत, म्हणून लिहिते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा, मूळ आधार कार्ड, हाताशी ठेवावं. माझी आई ७६ वर्षांची आहे. तिलाही वाहक शून्य रकमेचं तिकीट देतात, ते जपून ठेवायचं. तपासणीला तेच दाखवावं लागतं. गाडी राज्याबाहेर जात असेल तर सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण लागतं. हैदराबाद, इंदूर, पणजीकडे जाणाऱ्यांनी तेवढे पैसे वेगळे धरावेत.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. लग्नाच्या पत्रिका वाटायला चार जिल्हे फिरायचे असतील तर उत्तम. फक्त गावी जाऊन येण्यासाठी, तेही अर्धं तिकीट लागू असणाऱ्याला, तो क्वचितच फायद्याचा ठरतो.

आरक्षण कशाचं करायचं

सगळ्या प्रवासाचं नाही. जो तुकडा सगळ्यात लांब आणि रात्रीचा, तेवढ्याचंच. माझ्यासाठी तो पुणे ते जालना. चार-पाच तासांपेक्षा जास्त उभ्याने प्रवास झाला की दुसऱ्या दिवशीचं कामही बुडतं, म्हणून त्या जागेचे पैसे आधी भरते. पुढचे तुकडे मोकळे ठेवते; आरक्षण असलं की आपण त्या एकाच गाडीला बांधले जातो आणि समोरून जाणाऱ्या तीन गाड्या सोडतो.

गाडी जिथून सुटते तिथलं आरक्षण घ्या. मधल्या स्थानकावरून चढायचं असेल तर आपल्या जागेवर कुणीतरी बसलेलं असतंच. तेव्हा वाद घालू नका, वाहकाला तिकीट दाखवा, उठवण्याचं काम त्यांचं. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा आरक्षणापुढे टिकत नाही, पण आरक्षण नसलेल्या दोघांत तो रुमाल मानला जातो. हा अलिखित नियम बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतो आणि भांडणं होतात.

आरक्षित फेरीच रद्द झाली तर आधी वाहतूक नियंत्रकाकडे जा. त्याच दिशेच्या दुसऱ्या गाडीत बसवता येईल का ते विचारा. नाहीच जमलं तर परतावा मागा, आणि त्यासाठी तिकिटाचा फोटो, फेरीची वेळ, रद्द झाल्याचं कधी सांगितलं हे सगळं तिथेच लिहून घ्या.

फलाटावर: किती वाट पाहायची हे घरूनच ठरवून या

वाट बघताना माणसाचं मन फार फसवतं. एक तास थांबलो, आता सोडून कसं जायचं, असं करत तीन तास जातात. म्हणून आकडा आधी ठरवा. माझा आकडा अर्धा तास. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात थेट गाडी लागली नाही तर मी त्या दिशेच्या पुढच्या मोठ्या स्थानकाची मिळेल ती गाडी घेते. पुण्याहून नगर, नगरहून संभाजीनगर, तिथून जालना. मोठ्या स्थानकावर चारही बाजूंच्या गाड्या येतात, त्यामुळे पुढे सरकलं की पर्याय वाढतात.

चौकशी करताना ‘मेहकर गाडी कधी आहे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर वेळापत्रकातलं मिळतं. ‘गाडी आगारात आली का? चालक-वाहक आलेत का?’ असं विचारा, मग खरं कळतं. स्थानकावर पेपर विकणारे, रसवंतीवाले, हमाल यांनाही विचारा. त्यांना कुठली गाडी चार दिवस आलेली नाही हे पक्कं ठाऊक असतं.

अंधार पडल्यावर

इथे नियम नेमका उलटा होतो, आणि हा परिच्छेद मुलींनी, एकट्या बायकांनी, म्हाताऱ्या माणसांनी दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

रात्र झाली की मोठ्या स्थानकावरून लहान स्थानकाकडे जाऊ नका, जोवर पुढची सोय नक्की नाही. जालना स्थानकावर रात्री बारालाही माणसं असतात, दिवे असतात, चहाची टपरी असते. तिथून ‘थोडं तरी पुढे सरकू’ म्हणून सिंदखेडराजाची गाडी धरली आणि तिथून पुढे काही मिळालं नाही, तर बंद दुकानांसमोर बसून रात्र काढावी लागते. घरी फोन करा, सांगा की सकाळी येते, आणि मोठ्या स्थानकावरच थांबा. उजेडात, नियंत्रकाच्या खोलीजवळ, एखाद्या कुटुंबाच्या शेजारी बसा. बऱ्याच स्थानकांवर लहान बाळ असलेल्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. तो उघडून मागा. काहीही वावगं वाटलं तर ११२.

काळी-पिवळी, वडाप, जीप यांना दिवसा नावं ठेवण्यात अर्थ नाही. शेवटच्या तुकड्याला त्यांनीच आम्हाला कितीदा पोचवलंय. पण भर दुपारी दहा जणांबरोबर बसणं वेगळं आणि रात्री एकटीने बसणं वेगळं. रात्री ती रिकामी जीप स्वस्त असली तरी सोडायची.

याचसाठी मी अडकण्याचे पैसे वेगळे ठेवते: पाचशे रुपये, शंभराच्या नोटांत, पिशवीच्या आतल्या कप्प्यात. तिकिटाच्या पैशात ते मोजत नाही. वाहकाच्या यंत्रावर आता यूपीआय चालतं, पण रेंज नसलेल्या रस्त्यावर ते कामाला येत नाही.

रस्त्यात गाडी बंद पडली तर

तिकीट हातातून सोडू नका. वाहक मागून येणाऱ्या एसटीला हात करतात आणि त्याच तिकिटावर प्रवाशांना पुढच्या गाडीत बसवतात, नवीन तिकीट काढावं लागत नाही. पण पन्नास माणसं एका गाडीत मावत नाहीत, म्हणून ती तीन-चार गाड्यांत विभागली जातात. आधी कुणाला पाठवायचं हे वाहकाला सांगा: म्हातारी माणसं, बाळंतीण, परीक्षेला निघालेली मुलं. मी पाहिलंय, कुणीतरी एकाने हे मोठ्याने सांगितलं की बाकीचे ऐकतात.

पुढच्या गाडीची पाटी वाचून मगच चढा. आपल्या गावापर्यंत जात नसेल तरी पुढच्या मोठ्या स्थानकापर्यंत जाते ना, तेवढं पुरे. महामार्गावर उतरून थांबायचं असेल तर गाडीच्या मागे उभं राहू नका, रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे जा.

ढाब्यावर थांबते तेव्हाही एक काळजी. उतरण्याआधी गाडीच्या नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो घ्या. रात्री दोनला एकसारख्या सहा लाल गाड्या उभ्या असतात. शेजारच्या प्रवाशाला ‘मी खाली जातेय’ एवढं सांगून उतरा. एसटीच्या अधिकृत थांब्यावर तीस रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे, तिकीट दाखवून तो मागा.

ट्रॅव्हल्स घ्यावी लागली तर

दिवाळीत कधी कधी इलाज नसतो. भाडं ऐकून छाती दडपते. २०१८ साली राज्य सरकारने ठरवून दिलंय की खासगी बसने त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये. जास्त घेतलं तर पावती जपा आणि आरटीओकडे तक्रार करा. बसण्याआधी दोन गोष्टी विचारा: चढायचं नक्की कुठे, आणि उतरवणार कुठे. समृद्धीवरून जाणारी बस पहाटे साडेतीनला इंटरचेंजवर सोडून जाते आणि तिथून गावात यायला वाहन नसतं. घ्यायला येणारं माणूस नक्की असेल तरच ते तिकीट घ्या.

आणि जीवाचं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आमच्याच भागात, सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एक खासगी स्लीपर बस उलटली, पेटली, आणि २५ माणसं गेली. बस दरवाजाच्या बाजूला पडल्याने दार खाली दबलं होतं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. तेव्हापासून मी कुठल्याही बसमध्ये चढले की आधी आपत्कालीन खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघते. हातोडी नसेल तर चालकाला विचारते. लोकांना ते विचित्र वाटतं, वाटू दे.

रेल्वेची जोड

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या गावाजवळ रेल्वे कुठे आहे. प्रत्येकाने आपल्या मार्गाची रेल्वेवाट माहीत करून ठेवावी. माझ्यासाठी दोन आहेत. एक जालना, मनमाडवरून. दुसरी शेगाव-अकोला: पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेससारखी गाडी दौंड, नगर, मनमाड, भुसावळवरून शेगावला जाते, आणि तिथून खामगाव करून मेहकर. लांबची वाट आहे, पण जनरलचं तिकीट एसटीच्या पूर्ण तिकिटाच्या निम्म्याहून कमी. जनरल डब्यातली गर्दी वाईट असते, खोटं सांगणार नाही. एकट्या बाईने महिला डबा बघावा.

पिशवीत काय

थोडकं. एकच पाठीवरची पिशवी, कारण तुकड्यांनी जायचं तर पळावं लागतं. दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन जेवणांपुरती. पाण्याची बाटली. चार्ज केलेली पॉवर बँक. शाल. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि ती सामानाच्या डिकीत ठेवायची नाहीत. बायका स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पीत नाहीत, मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि दुखणं ओढवून घेतलं. मोठ्या स्थानकावर उतरलं की गाडी बघण्याआधी आधी तिथे जा, बदलीचा अर्धा तास त्यासाठीही आहे.

एक कागदही असतो. त्यावर मार्गावरच्या चारही स्थानकांचे फोन, गावाच्या तीन गाड्यांच्या वेळा, पुढच्या मोठ्या गावांची नावं आणि दादाचा नंबर. फोन बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. त्याचीच एक प्रत घरी देवळीत असते, म्हणजे मी ‘नगर सोडलं’ एवढं कळवलं की आई स्वतःच पुढचं मोजते.

परत येताना

परतीचा हिशेब सोपा, कारण कच्चा दुवा सुरुवातीलाच असतो. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर तीच धरा. ती रात्री गावात थांबते आणि पहाटे सुटते. ती आली का, हे झोपण्याआधी पारावर जाऊन बघता येतं. आली असेल तर सकाळी सुटणार. नसेल आली तर रात्रीच दादाला सांगून ठेवायचं की पहाटे मेहकरपर्यंत सोड.

मुक्कामी गाडीचे चालक-वाहक गावच्या भरवशावर राहतात. झोपायला धड जागा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह नसलेल्या गावात मुक्काम करायला ते नाखूश असतात आणि फेरी बंद पडायला सुरुवात तिथूनच होते. आमच्या गावात ग्रामपंचायतीने समाजमंदिराची खोली, पंखा आणि पाण्याची टाकी दिली. नंतर चाळीस-पन्नास जणांच्या सह्यांचा अर्ज आगार व्यवस्थापकांना दिला की संध्याकाळची सव्वासहाची गाडी पावणेसातला करा, जालन्याकडून येणाऱ्यांना ती मिळेल. अर्जासोबत कोणत्या दिवशी किती माणसं चुकली त्याची तारीखवार यादी जोडली होती. नुसत्या तक्रारीपेक्षा ती यादी उपयोगी पडली. आता गाडी साडेसहाला सुटते.